‘उतर’ म्हणणारा माणूस

काचा पुसणारा माणूस म्हातारा झाला, हे त्याला कोणी सांगायचं?

नोकरदाराला त्याचं ऑफिस सांगतं. ठरल्या तारखेला शाल येते, नारळ येतो, कोणीतरी दोन शब्द बोलतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. स्वतःच्या जिवावर धंदा करणाऱ्याला अशी तारीख नसते. पाचव्या मजल्याच्या बाहेर फळीवर बसून जो तुमच्या खिडकीवर वायपर फिरवतो, त्याचं वय तुम्ही कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मग तो थांबतो कधी? बहुतेकांना शरीर थांबवतं, आणि उंचीवर शरीराने थांबवणं म्हणजे काय, याचं मी इथे वर्णन करत नाही. मी एका माणसाला नीट थांबताना पाहिलं आहे. त्याचं हे लिहितो. त्यात माझी एक चूक आहे, तीही लिहितो.

मी संघपाल. वय तेहतीस. नागपुरातल्या उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो आणि उरलेल्या वेळात पुस्तिका लिहितो. लिहिणं बापाकडून आलं. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर चादर पसरून बाबा पुस्तिका विकायचे, आठ पानी, सोळा पानी, पिन मारलेल्या. आमच्या घरात भांड्यांपेक्षा त्याच जास्त होत्या. त्यांची पानं दुमडता दुमडता मी वाचायला शिकलो. जे छापलं ते खरं असलं पाहिजे, आणि जे खरं आहे ते तोंडावर बोललं पाहिजे, असं मला लहानपणीच वाटायला लागलं. मी त्यातच वाढलो आणि त्यामुळे माझी बरीच भांडणंही झाली.

काच पुसणं शिकवलं गुलाबकाकांनी. ते नात्याने माझे कोणी नाहीत. बाबांचे वस्तीतले दोस्त, म्हणून काका. मूळचे काटोलकडचे. लहानपणी संत्र्याच्या झाडांना शिडी लावून फळं तोडायचे. नागपुरात येऊन इमारतींना रंग देणारे झाले. शहरात काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा त्यांनी रंगाचा ब्रश सोडला आणि वायपर हातात घेतला. कोणाच्या हाताखाली नाही, कोणाच्या कंपनीत नाही. स्वतःच्या दोऱ्या, स्वतःची बादली.

आमचं काम समजायला सोपं आहे. छतावरून दोन दोऱ्या सोडायच्या. एका दोरीवर झुला, म्हणजे बसायची फळी. दुसरी दोरी छातीच्या पट्ट्याला, पहिलीने दगा दिला तर धरून ठेवायला. कमरेला साबणाच्या पाण्याची बादली. काचांचा एक उभा पट्टा पुसत खाली यायचं, लिफ्टने परत वर जायचं, मग शेजारचा पट्टा. दोरी पाण्याच्या पाइपाला बांधायची नाही, कठड्याला बांधायची नाही. पिलरला बांधायची, आणि दोन दोऱ्या दोन वेगळ्या पिलरांना. कठड्याच्या धारेवर दोरी घासते तिथे जुन्या जीन्सचा पाय कापून घालायचा. एक माणूस खाली लटकतो, दुसरा वर छतावर थांबतो. वरचा माणूस रिकामा बसलाय असं लोकांना वाटतं. खरं काम त्याचंच असतं.

नागपुरात यात दोन गोष्टी जास्तीच्या. एक ऊन. मे महिन्यात नऊनंतर काचेवर साबण लावला तर वायपर पोचायच्या आत तो सुकून पांढरा होतो, म्हणून उजाडताच दोरीवर बसायचं. दुसरी गोष्ट कूलर. इथे खिडकीखिडकीच्या बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसवलेला असतो. उन्हाळा संपतो, पावसाळा संपतो, तरी तो कोणी काढत नाही. दोन कूलरच्या मधल्या फटीतून फळीसकट खाली उतरायचं. काका म्हणायचे, मुंबईवाल्याने इथं येऊन उतरून दाखवावं.

गिऱ्हाइकंही एकेक. लकडगंजमध्ये एका ठोक व्यापाऱ्याचं वरच्या मजल्यावर ऑफिस होतं, समोर भिंतभर काच. काम झालं की शेठजी आतून बोट दाखवायचे, “दाग बाहर है, भैया.” आम्ही परत पुसायचो. शेठजी परत बोट दाखवायचे. तिसऱ्या वेळी काकांनी बाहेरून त्याच जागी बोट टेकवलं आणि आतल्या बोटाकडे मान हलवली. शेठजींनी आपलं बोट घासून पाहिलं. डाग त्यांच्याच बोटाला आला. त्यांनी सगळ्या नोकरांना बोलावून तो दाखवला. पुढच्या वर्षापासून आम्ही पोचायच्या आत शेठजी स्वतः आतली काच पुसून तयार ठेवायचे.

दुसरं प्रकरण इतकं गमतीचं नव्हतं. एका ऑफिसातल्या साहेबाने तक्रार केली की बाहेरचा माणूस आत टक लावून बघतो. मॅनेजरने काकांना बोलावलं. मी चिडलो होतो, चार वाक्यं मनात तयार होती. काकांनी मला गप्प केलं. मॅनेजरने विचारलं, साहेबांच्या खोलीत काय काय आहे? काकांना सांगता येईना. टेबल कुठे आहे, भिंतीचा रंग कोणता, काही नाही. पण त्या काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं रबर दोन ठिकाणी फाटलं आहे, पावसाचं पाणी तिथून आत येत असेल, हे त्यांनी सांगितलं. मॅनेजरने जाऊन पाहिलं. रबर फाटलेलं होतं आणि आतल्या गालिच्याला ओल आली होती. काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की काचेकडे पाहायचं, काचेतून नाही. साहेबाने माफी मागितली नाही. काकांना ती नकोच होती. रबर बदलून घ्या, एवढं सांगून ते निघाले.

आता आमची परीक्षा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दिवाळीच्या साफसफाईचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, हंगामाच्या पहिल्या छतावर, आम्ही दोघं एकेक गाठ बांधायचो. आठाची गाठ, डोळे मिटून. बांधून झाली की ती दुसऱ्याच्या हातात द्यायची. दुसऱ्याने ओढून पाहायचं, शेपूट, म्हणजे गाठीबाहेरचं टोक, वीतभर उरली आहे का ते बघायचं आणि एक शब्द बोलायचा. ‘उतर’ किंवा ‘बस’. ज्याला ‘बस’ मिळालं, तो त्या हंगामात खाली उतरणार नाही. वाद नाही, दुसरी संधी नाही. काकांनी ही पद्धत त्यांच्या रंगकामातल्या उस्तादाकडून घेतली होती. डोळे मिटून का, तर माणूस थकतो ते बोटांना आधी कळतं, तोंडाला फार उशिरा. रोजच्या कामातही तोच नियम. वरच्याने गाठ तपासून ‘उतर’ म्हटल्याशिवाय खालच्याने कठडा ओलांडायचा नाही.

आठ वर्षं मी काकांना ‘उतर’ म्हटलं आणि काकांनी मला. मी डावखुरा आहे, त्यामुळे माझ्या गाठीचे पेड उलट्या बाजूला पडतात. काका हसायचे, तुही गाठ आरशातली व्हय, म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी काका चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागले. बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले. आयुष्यभर ओलं रबर आणि डाग काढायचं ॲसिड हाताळलेली बोटं. एकदा सहज म्हणाले, “सकाळी बोटं झोपून राह्यतेत गा.” मी ऐकलं आणि विषय बदलला.

त्याच दसऱ्याला माझी पहिली पुस्तिका छापून आली. आठ पानी. नाव होतं, ‘दोन दोऱ्या, दोन माणसं, एक खरा शब्द’. एकाच दोरीवर एकटा माणूस लटकवणाऱ्या ठेकेदारांना मी त्यात सोलून काढलं होतं. सहाव्या पानावर जाड अक्षरात होतं की वरचा माणूस खोटं बोलला तर तो दोरी कापणाऱ्यापेक्षा वेगळा नाही. बाबांच्या चादरीवर ती पुस्तिका ठेवून मी दिवसभर ओरडून ओरडून विकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लकडगंजच्या छतावर काकांनी डोळे मिटले आणि गाठ बांधली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग ती माझ्या हातात दिली. आठाची गाठ बांधताना दोरीचं टोक आधीच्या वळणावरून तसंच्या तसं परत फिरवायचं असतं. काकांचं टोक मधल्या एका वळणाला चुकून बाहेर पडलं होतं. दिसायला गाठच होती. ओढली तर हळूहळू सरकणार होती.

काकांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “उतर, काका.”

का म्हणालो, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. या माणसाने मला दोरीवर बसवलं होतं. त्याला त्याच दोरीवरून उठवायला माझी जीभ वळेना. ज्या माणसाला साहेबासमोर मान खाली घालताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्याला माझ्या एका शब्दाने बसवायचं, हे मला सहन होईना. हे प्रेम होतं असं मला तेव्हा वाटलं. आज मी त्याला भित्रेपणा म्हणतो.

मग मी उपाय काढला. काका गाठी बांधायचे आणि साबण कालवायला नळावर जायचे. तेवढ्यात मी दोन्ही गाठी सोडून परत बांधायचो. संध्याकाळी दोऱ्या सोडायचं काम वरच्या माणसाचंच असतं, त्यामुळे काकांना गाठी दिसायच्या नाहीत. असा जवळजवळ पूर्ण हंगाम गेला. काका खुश होते. घरी सांगत होते की अजून दोन-चार दिवाळ्या सहज निघतील.

शेवटचं काम मनीषनगरला होतं. नऊ मजल्यांची सोसायटी. छतावर घराघरांतल्या गाद्या उन्हात टाकलेल्या. काका गाठी बांधून नळावर गेले. मी छातीच्या पट्ट्याची गाठ बदलली आणि झुल्याच्या गाठीकडे वळणार, इतक्यात सोसायटीचे सचिव एक कागद घेऊन वर आले. तुमच्या दोऱ्या लोकांच्या गाद्यांवरून चालल्या आहेत, म्हणाले. आणि काही झालं तर सोसायटी जबाबदार नाही, असं लिहिलं आहे, त्यावर सही पाहिजे. “आधी सही करा भाऊ, मग लटका.”

कागद वाचून माझं डोकं गरम झालं. मी त्यांना सुनावायला लागलो. काका मागून आले, फळीवर बसले, पाय बाहेर सोडले आणि विचारलं, उतरू का? मी सचिवांशी भांडता भांडता, मागे वळूनही न पाहता म्हणालो, “उतर.”

काका खाली गेले. मग मी वळलो.

दोन पिलरांवर दोन गाठी होत्या. एक माझी, उलट्या पेडाची, घट्ट. दुसरी काकांची. तिची शेपूट वीतभर असायला हवी होती. दोन बोटं उरली होती, आणि मी बघत असताना ती दीड झाली.

ओरडायचं नसतं. खालचा माणूस दचकतो. आमच्याकडे जादा दोरी असते. ती मी गाठीच्या खाली झुल्याच्या दोरीला आवळली आणि पिलरला दोन वेढे देऊन बांधली. मग छातीच्या दोरीला तीन झटके दिले. तीन झटके म्हणजे काही विचारू नको, जवळच्या बाल्कनीत जा. काकांनी ते ऐकलं. सातव्या मजल्यावर ते पायाने भिंत ढकलून बाल्कनीत उतरले. तिथे एक आजी तुळशीला पाणी घालत होत्या. कठड्यावरून आत आलेला माणूस बघून त्या म्हणाल्या, “लिफ्ट बंद पडली का जी?” आणि त्याला प्यायला पाणी दिलं. हे काकांनी मला नंतर हसत हसत सांगितलं. त्या दिवशी मात्र आमच्यात कोणी हसलं नाही.

काका जिन्याने वर आले. सचिव कागद हातात धरून तसेच उभे होते. काकांनी आधी दोरी पाहिली. मग दोन्ही पिलरांजवळ जाऊन खाली बसले. माझ्या गाठीवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या.

“हे तुही गाठ.”

“हो.”

“अन् हे माही.”

“हो, काका.”

“कधीपासून बांधून राह्यला?”

“दसऱ्यापासून.”

मला वाटलं, शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

“काहून सांगतलं नाही मले?” ते म्हणाले. “माह्या हातावर माहा भरोसा तर कधीचाच गेला होता गा. तुह्या जिभेवर होता. तू ‘उतर’ म्हणे अन् मले वाटे, चला, अजून चालते आपलं.”

माझ्या आठ पानी पुस्तिकेतलं एकही वाक्य मला तेव्हा आठवलं नाही.

काचांचा पट्टा अर्धा राहिला होता. काका म्हणाले, आता तू उतर, मी वर थांबतो. मी दोन्ही गाठी बांधल्या. त्यांनी ओढून पाहिल्या. गाठी बरोबर होत्या. तरी ते म्हणाले, “बस. हात कापून राह्यले तुहे.” मी गादीच्या कडेला बसलो. पाणी प्यायलो. दहा मिनिटांनी त्यांनी माझे दोन्ही हात पुढे करायला लावले, पाहिले आणि म्हणाले, “उतर.” त्यांच्या डोळ्यांना काही झालं नव्हतं, जिभेला तर नाहीच. वरचा माणूस कसा असतो, ते मी त्या दिवशी परत शिकलो.

काम संपल्यावर सचिव हळू आवाजात म्हणाले, झालं का मग काम? काका म्हणाले, “माहं झालं जी.” “आजचं ना?” “सगळंच.”

शाल नव्हती, नारळ नव्हता. आमच्यात जुनी दोरी कोणी चुकून वापरू नये म्हणून कापून टाकतात. काकांनी पार्किंगमध्ये बसून आपली दोरी स्वतः कापली, हातभर हातभर लांबीचे तुकडे. एक तुकडा मला दिला. छातीचा पट्टा काढून घडी केला आणि पिशवीत ठेवला. चौतीस वर्षं उंचीवर काम केलेला माणूस, अंगावर एकही व्रण नाही, स्वतःच्या पायाने गेटबाहेर गेला. मोठमोठ्या पदांवरून उतरलेली माणसं मी सभांमध्ये पाहिली आहेत. इतक्या ताठ मानेने कोणी उतरल्याचं मला आठवत नाही.

महिनाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही. मग एक दिवस घरी आले, चहा प्यायले, ग्लास दोन्ही हातांनी धरून. म्हणाले, “मले ‘बस’ ऐकाचं होतं गा. त्याच्यासाठीच तर परीक्षा ठेवली होती.” मला त्यांच्याकडे बघता आलं नाही. लकडगंजच्या छतावर ते ताठ मानेने, नियमाने थांबले असते. मी त्यांचा तो दिवस घेतला आणि बदल्यात त्यांना एक सरकणारी गाठ दिली. हे माझ्याकडे कायम राहणार आहे.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती मी काढली. सहाव्या पानावर हा सगळा प्रसंग लिहिला. बाबांनी वाचून एवढंच विचारलं, गुलाबला विचारलंस का? विचारलं होतं. काका म्हणाले होते, छाप, अन् नाव माहंच ठेव.

आता छतावर माझी बायको वैशाली असते. तिला मी या कामाला निवडलं, कारण लग्न ठरण्याच्या आधीच, पहिल्या भेटीत तिने मला सांगितलं होतं की तुमचं लिखाण फार भडक आहे. तोंडावर खरं बोलणारं माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचं? पहिलं वर्षभर काकांनी तिला गाठी तपासायला शिकवलं. आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकाही छतावर येतात, खुर्ची टाकून बसतात. मी डोळे मिटतो आणि गाठ बांधतो. वैशाली ओढून बघते. गेल्या वर्षी तिने इतका वेळ लावला की काका म्हणाले, “अवं पोरी, दोरी तुटंल.” ती म्हणाली, “तुटली तर इथंच तुटू द्या ना काका.” मग तिने मला ‘उतर’ म्हटलं.

मी कधी थांबणार, हे मला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. ज्या दसऱ्याला वैशाली ‘बस’ म्हणेल त्या दिवशी. ते मी कागदावर लिहून सही करून तिच्याकडे दिलं आहे. चाळिशीला म्हणो, पन्नाशीला म्हणो. मी वाद घालणार नाही. काकांनी कापून दिलेला तुकडा त्या कागदाभोवती बांधलेला आहे.

हा दिवाळी अंक तुमच्या हातात येईल तेव्हा तुमच्या सोसायटीत, दुकानात, ऑफिसात साफसफाई सुरू असेल. बाहेरच्या काचा पुसायला कोणीतरी येईल. त्याला चहा द्या, हे मी सांगणार नाही, ते तुम्ही द्यालच. माझी एक विनंती आहे. त्याने कठडा ओलांडायच्या आधी एकदा छतावर जा आणि त्याला विचारा, “तुमची गाठ कोणी तपासली?” त्याने शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं तर निवांत खाली या. त्याने स्वतःकडे बोट दाखवलं, तर त्याला उतरू देऊ नका. दुसरा माणूस येईपर्यंत काचा तशाच राहू द्या.